पेढीवरील संगणक आणि पंख्याची निवड

जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाला आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या अनेक कापड पेढ्यांवर चोपडीशेजारी संगणक आला. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत 282) आहे. म्हणून ज्या यंत्रात ही लिखापढी असते, त्याची निगा राखणे आम्ही अमानत सांभाळण्यासारखेच मानतो.

यंत्रमागाच्या वस्तीत या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे हवेत उडणारे सुताचे बारीक तंतू. ते आतल्या धातूच्या पट्ट्यांत अडकतात, वारा खेळत नाही आणि प्रोसेसर तापतो. तापला की तो आपले काम मंद करतो. त्याहून तापला तर यंत्र आपोआप बंद पडते आणि अर्धवट लिहिलेले बिल जाते. शिवाय पंखा घरघरू लागला म्हणजे फोनवर भाव ठरविणेही कठीण होते.

नवा पंखा घेताना व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

आकार : 80 मिलिमीटरपेक्षा 120 मिलिमीटरचा पंखा बरा. तेवढाच वारा तो कमी फेऱ्यांत देतो, म्हणून आवाज कमी. मात्र पेटीतील स्क्रूच्या भोकांचे अंतर आधी मोजावे. 120 च्या पंख्याला ते 105 मिलिमीटर लागते, 80 च्या पंख्याला 71.5.

बेअरिंग : साधे स्लीव्ह बेअरिंग स्वस्त, पण उष्णतेत त्याचे तेल लवकर सुकते. बॉल बेअरिंग टिकाऊ, परंतु किंचित गुणगुणते. फ्लुइड बेअरिंग शांतही असते व टिकतेही. दाम थोडे जास्त पडतात.

तारा : चार पिनांचा पंखा घ्यावा. उष्णतेप्रमाणे त्याचा वेग कमीजास्त करता येतो.

दाब : खोक्यावरचा वाऱ्याचा मोठा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळीमागे बसणाऱ्या पंख्याला दाब लागतो. तो आकडाही पाहावा.

पंखा पुढून वारा आत घेणारा व मागून बाहेर टाकणारा असावा. आत येणारा वारा थोडा जास्त ठेवावा, म्हणजे फटींतून कचरा शिरत नाही. पुढची जाळी दर आठवड्याला झाडावी. कॉम्प्रेसरची हवा मारताना वीज बंद ठेवून पाती बोटाने धरावीत, नाहीतर ती बेफाम फिरून बेअरिंग खराब होते.

पुष्कळदा नुसत्या सफाईनेच आवाज थांबतो. म्हणून आधी सफाई करावी, मग खरेदी. फिजूलखर्ची टळेल आणि हिशेबही सलामत राहील.