‘टु’ की ‘इंग’? आधी आपल्या मराठीला विचारा

आजचा प्रश्न छोटा आहे, पण दहावीच्या पेपरपासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे अडवतो. इंग्रजीत एका क्रियापदानंतर दुसरं आलं की ‘टु गो’ म्हणायचं की ‘गोइंग’? व्याकरणात पहिल्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जिरंड. शाळेत याची लांब यादी पाठ केली जाते. परीक्षा संपली की यादी संपली.

माझं म्हणणं असं, की यादीच्या आधी मराठीकडे बघा. समजा, बीडहून निघालात आणि मांजरसुंब्याला ‘चहा प्यायला थांबलात’. गाडी थांबली, चहा अजून प्यायचाय. इंग्रजीत ‘आय स्टॉप्ड टु ड्रिंक टी’. आता डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं आणि तुम्ही ‘चहा पिणं थांबवलं’. म्हणजे जे चालू होतं ते बंद केलं. इंग्रजीत ‘आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. हा फरक आपण बोलताना कधी चुकतो का? नाही.

दुसरं उदाहरण जरा गंभीर आहे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. हंगाम संपला की हिशेबावरून वाद होतात. एखादा म्हणतो, ‘पैसे फेडल्याचं मला आठवतं.’ हे इंग्रजीत ‘आय रिमेंबर रिपेइंग द मनी’. काम झालेलं आहे, त्याची आठवण आहे. त्याच्या मुलानं अर्जात ‘आय रिमेंबर टु रिपे द मनी’ लिहिलं, तर अर्थ होतो, ‘पैसे फेडायचं माझ्या लक्षात असतं.’ बापाची साक्षच गेली! आणि ‘फेडायला विसरलो’ म्हणजे ‘आय फरगॉट टु रिपे’, यात तर फेडलेच नाहीत.

म्हणजे खूण काय? ‘-ल्याचं’ आलं की गोष्ट घडून गेलेली, तिथे ‘इंग’. ‘-ायला’, ‘-ायचं’ आलं आणि काम पुढे व्हायचं असेल, तर बहुधा ‘टु’. म्हणून ठरवणं, आशा करणं, वचन देणं, नकार देणं, म्हणजे डिसाइड, होप, प्रॉमिस, रिफ्यूज, या सगळ्यांपुढे ‘टु’ येतो. यांची नजर पुढच्या कामाकडे असते.

‘ट्राय’ बघा. ‘दार उघडायचा प्रयत्न केला’, जमलं की नाही माहीत नाही: ‘ट्राइड टु ओपन’. उकडत होतं म्हणून ‘खिडकी उघडून बघितली’: ‘ट्राइड ओपनिंग’. आपलं ‘करून बघणं’ म्हणजे हेच.

आता सावध करतो. मराठी सगळीकडे साथ देत नाही. ‘मला गायला आवडतं’ यात ‘-ायला’ आहे. ‘लाइक’ असेल तर दोन्ही चालतात, पण ‘एंजॉय’ला फक्त ‘सिंगिंग’ लागतं. ‘त्यानं पुण्याला जायला सुचवलं’ याचं ‘सजेस्टेड टु गो’ होत नाही, ‘सजेस्टेड गोइंग’ होतं. एंजॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट, माइंड ही पाच मात्र पाठच करा.

आणि अर्जाच्या शेवटचं ते वाक्य: ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’. चूक! तिथे ‘हिअरिंग’ हवं. का? तो ‘टु’ क्रियापदाचा नाही, आपल्या ‘-कडे’सारखा आहे. त्याच्यापुढे ‘युअर रिप्लाय’ ठेवून बघा. नाम बसलं ना? मग क्रियापदालाही नामाचं रूप द्यायचं, म्हणजे ‘इंग’.

शेवटी एकच सांगतो. वाक्य अडलं की आधी ते घरच्या मराठीत स्वतःशी म्हणा. काम झालंय की व्हायचंय, हे तुमचा कान बहुतेक वेळा सांगेल. उरलेल्यापुरतीच यादी लागते, आणि तेवढी पाठ होते.