कॉम्प्टनची ध्वनिमुद्रिका आणि शिवीचा प्रश्न

बी. ए.च्या वर्गात साहित्यातील अश्लीलतेचा वाद शिकवीत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, 'गोलपिठा' चालतो, मग एन. डब्ल्यू. ए. का नाही?" मी हे नाव ऐकले नव्हते. घरातला पहिला पदवीधर मी. आमच्याकडे इंग्रजी गाणे कधी वाजलेच नाही. त्या विद्यार्थ्याने तासानंतर मोबाईलवर ऐकविले. पहिल्यांदा फक्त शिव्याच कळल्या. मग शब्द वहीत उतरवून पुन्हा पुन्हा ऐकले. जे उमगले ते मांडतो.

'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' ही ध्वनिमुद्रिका १९८८ सालची. नावाचा अर्थ, थेट कॉम्प्टनमधून. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचे हे शहर एके काळी गोऱ्यांचे होते. काळ्यांना घर विकायचे नाही, अशी अट तिकडे खरेदीखतातच लिहीत. आपल्याकडे गावकुसाला कागद लागत नाही, एवढाच फरक! १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला. काळी कुटुंबे राहावयास आली आणि गोरी निघून गेली. मागोमाग कामही गेले. जवळच्या साउथ गेटमधील फायरस्टोनचा कारखाना १९८० साली बंद पडला, जनरल मोटर्सचा १९८२ साली. उरले ते क्रॅक कोकेन, टोळ्या आणि पोलीस. लॉस एंजेलिस पोलिसांनी १९८८ च्या एप्रिलमध्ये एकाच शनिवार-रविवारी हजारावर माणसे पकडली.

ही पोरे त्या हवेत वाढलेली. ईझी-ई हा रूथलेस रेकॉर्ड्सचा मालक. आइस क्यूब आणि एम. सी. रेन प्रामुख्याने शब्द लिहीत, डॉ. ड्रे आणि डी. जे. येला संगीत रचीत. आइस क्यूब तेव्हा १९ वर्षांचा. जुन्या तबकड्यांतले तुकडे कापून नवे गाणे उभे करायचे, ही त्यांची रीत. शीर्षकगीतातील ड्रमचा ठेका 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या १९६९ च्या तबकडीतला आहे. जगभर हजारो गाण्यांत तो वापरला गेला; वाजविणाऱ्या काळ्या कलावंताला त्याचा मोबदला मिळाला नाही.

एन. डब्ल्यू. ए. या अद्याक्षरांत काळ्यांना दिली जाणारी शिवीच दडलेली आहे. ज्यांनी 'अक्करमाशी' आणि 'उचल्या' ही शीर्षके वाचली, त्यांना यामागची रीत समजावून सांगायला नको.

ज्या गाण्याने वादळ उठले ते पोलिसांवरचे आहे. त्याची रचना कोर्टाची: ड्रे न्यायाधीश, बाकीचे साक्षीदार, आरोपी पोलीस, आणि शेवटी तो दोषी ठरतो. माझ्या थोरल्या भावाला चोरीच्या संशयावरून एकदा रात्रभर चौकीत बसविले होते. सकाळी चूक झाली म्हणून सोडले. आमच्या घरात त्यावर आजवर कोणी अवाक्षर काढलेले नाही. म्हणून त्या गाण्यातली शिवी मला अश्लील वाटेना. मला तिथे साक्ष ऐकू आली.

ऑगस्ट १९८९ मध्ये एफ. बी. आय.च्या एका सहायक संचालकाने वितरक कंपनीला निषेधाचे पत्र धाडले. १९८८ साली ७८ पोलीस मारले गेले, असा त्यात हवाला होता. पोलिसांच्या हातून मेलेल्यांचा आकडा पत्रात नव्हता. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंगला लॉस एंजेलिस पोलिसांनी झोडपले, ते चित्रफितीवर साऱ्या जगाने पाहिले. एप्रिल १९९२ मध्ये ते पोलीस निर्दोष सुटले आणि शहर पेटले. ६० हून अधिक माणसे मेली.

पण इथेच थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. याच ध्वनिमुद्रिकेत स्त्री ही कस्पटासमान आहे. सत्तेवर फेकलेली शिवी आणि आपल्याच वस्तीतल्या बाईवर फेकलेली शिवी एका मापाने कशी मोजायची? हा प्रश्न शब्दांपुरता राहिला नाही. १९९१ साली ड्रेने डी बार्न्स या पत्रकार स्त्रीला मारहाण केली. जाहीर माफी आली ती २०१५ साली. परिस्थितीचे फळ म्हणून यावर पांघरूण घालणारे आपल्या चळवळीतही आहेत. मला ते पटत नाही.

माझी वही त्या विद्यार्थ्याकडे दिली होती. वर्गातल्या एका मुलीने ती मागून घेतली आणि स्त्रियांवरच्या ओळींखाली तांबड्या शाईने रेघा मारून मला परत केली. पुढचा तास तिथूनच सुरू करायचा आहे.