थकल्या डोक्याला लंपन

लोकलमध्ये माझ्या हातातलं ‘वनवास’ पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं, “दिवसभर ऑफिस करून वाचवतं तुला?” याच पुस्तकामुळे वाचवतं!

त्यातला प्रकाश नारायण संतांचा लंपन हा मुलगा आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या भागात आजीआजोबांकडे राहतो. भाषेत कानडी हेल, घरात शिस्त आणि तितकीच माया. त्याला आईची आठवण येते, पण आजीलाही सोडवत नाही. ही ओढाताण संत एकही मोठा शब्द न वापरता लिहितात. मला तर हे मराठीतलं नात्यांवरचं सर्वांत हळवं लेखन वाटतं.

लंपनच्या पुस्तकांचा क्रम: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. सलग कादंबरी नाही, कथा आहेत. रोज एक वाचली तरी पुरते. ‘झुंबर’ मात्र निवांत दिवशीच घ्या.

मोठ्यांना द्यावं की मुलांना, कुठून सुरुवात करू, काहीही विचारा. सांगते.