घराखालची जागा कोणत्या वहीत? कळंब भागातील पारधी वस्त्या आणि ग्रामसभेचे निर्णय

आपल्या वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. सरकार घरकुलासाठी पैसे देते, मंडळ्यांतील बंधुभगिनीही मदतीला तयार असतात. मग पारधी वस्तीवरची पाले आणि पत्र्याच्या झोपड्या वर्षानुवर्षे तशाच का राहतात?

याचे मुख्य उत्तर जागेत आहे. घर बांधण्यासाठी पैसे मिळू शकतात, पण ते कोणत्या जागेवर बांधायचे हे ग्रामपंचायत, नगर परिषद आणि महसूल खात्याच्या वह्या ठरवतात. त्या वह्यांत ज्याचे नाव नाही, त्याच्यापर्यंत घरकुलाचा हप्ता पोहोचत नाही. हे निर्णय कसे होतात आणि कुटुंब नेमके कोठे अडते, ते या लेखात समजून घेऊ.

आदिवासी, पण अनुसूचित क्षेत्राबाहेर

कळंब हे धाराशिव जिल्ह्यातील मांजरा नदीकाठचे तालुक्याचे गाव. पलीकडे लगेच बीड जिल्हा लागतो. 2011 च्या जनगणनेत धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते. इतक्या थोड्या आणि विखुरलेल्या लोकांचा आवाज गावाच्या बैठकीत सहज ऐकू येत नाही.

पारधी समाज महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि निजामाच्या राज्यातही तशीच पद्धत चालली. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये हे कायदे रद्द झाले. सोलापूरच्या सेटलमेंटची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती, त्यामुळे तारेच्या कुंपणातील त्या वसाहतींचा इतिहास आपल्या मंडळ्यांना अगदी परका नाही. ज्यांना कोणत्याच गावाने आपले म्हटले नाही, त्यांच्या नावावर गावठाणात जागा नसणे हा त्याच इतिहासाचा परिणाम आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आदिवासी म्हटले की अनेकांना ‘पेसा’ कायदा आठवतो. 1996 च्या या कायद्याने ग्रामसभेला जमीन आणि साधनसंपत्तीबाबत विशेष अधिकार दिले. पण ते फक्त अनुसूचित क्षेत्रात. मराठवाड्यात असे क्षेत्र नांदेड जिल्ह्यातील किनवट भागात आहे, धाराशिव जिल्ह्यात नाही. म्हणून कळंबच्या पारधी कुटुंबाला ‘पेसा’चा आधार मिळत नाही. राज्यातील इतर गावांसाठी असलेला ग्रामपंचायत कायदा आणि जमीन महसूल कायदा यांच्याच चौकटीत त्याला वाट काढावी लागते. आदिवासी विकास विभागाच्या योजनांसाठी या जिल्ह्याला सोलापूरचे प्रकल्प कार्यालय आहे, म्हणजे कागद घेऊन जायचे तर दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते.

गायरान कोणाचे?

बहुतेक वस्त्या गावाबाहेरच्या गायरानावर असतात. गायरान म्हणजे गुरे चारण्यासाठी राखलेली जमीन. लोक तिला ‘पंचायतीची जमीन’ म्हणतात, परंतु तिची मालकी शासनाची असते आणि गावाला फक्त वापराचा हक्क असतो. सरपंचाने शब्द दिला किंवा पंचायतीने ठराव केला, एवढ्याने गायरानाचा तुकडा कोणाच्या नावावर होत नाही. ग्रामपंचायत शिफारस करते. पुढे प्रस्ताव तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी यांच्यामार्फत वर जातो आणि निर्णय जिल्हाधिकारी किंवा शासन घेते. महसूल कायद्यात पुढे घातलेल्या 22-अ या कलमाने गायरान इतर कामांसाठी देण्यावर आणखी बंधने आणली.

मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न जुना आहे. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये सत्याग्रह झाले. पुढे एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने बीड आणि आसपासच्या भागात गायरान कसणाऱ्यांची बाजू लावून धरली. अशा चळवळींच्या काळातच 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला. 14 एप्रिल 1990 पर्यंत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर दुर्बल घटकांतील भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात होती. राहत्या घरांसाठी 16 फेब्रुवारी 2018 रोजी वेगळा निर्णय झाला. ग्रामीण भागातील शासकीय जमिनीवर 1 जानेवारी 2011 पूर्वीपासून असलेली निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग त्याने मोकळा केला.

दुसरीकडे न्यायालयांची भूमिका कडक होत गेली. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे दिलेल्या जागांसाठी अपवादही ठेवला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील गायरानावरील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांची दखल घेतली आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गावोगावी नोटिसा निघाल्या. ज्याचे गायरानावर आलिशान बांधकाम आहे आणि ज्याची तेथे एक झोपडी आहे, त्या दोघांना नोटीस सारखीच येते. फरक पडतो तो कोणाकडे कोणता पुरावा आहे यावर.

कोणती वही काय सांगते

वस्तीवर गेल्यावर लोक जपून ठेवलेले कागद दाखवतात. त्यांचा अर्थ नीट समजला पाहिजे.

पहिला कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8, घरपट्टीच्या आकारणीची नोंद. पावती हातात आली की घर आपले झाले असे वाटते, पण ही कराची नोंद आहे, मालकीचा हक्क नाही. तरीही तिचे मोल मोठे आहे, कारण कुटुंब त्या जागी किती वर्षांपासून राहते हे तिच्यावरून सिद्ध होते.

दुसरा म्हणजे सातबारा. गायरानाच्या सातबाऱ्यावर शासनाचेच नाव असते. तो पाहिल्याशिवाय कोणतीही जागा ‘पंचायतीची’ किंवा ‘पडीक’ समजू नये.

तिसरी नोंद फार थोड्यांना माहीत असते. ती म्हणजे तलाठ्याकडील (आता ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना 1-ई, अर्थात शासकीय जमिनीवरील अतिक्रमणांची नोंदवही. या वहीत नाव असणे म्हणजे गुन्ह्याची नोंद, असे समजून अनेक जण तिच्यापासून लांब राहतात. प्रत्यक्षात अतिक्रमण नियमित करण्याची वेळ येते तेव्हा कटऑफ तारखेपूर्वीचा ताबा दाखवायला हीच जुनी नोंद सर्वात उपयोगी पडते.

समजा, एका गायरानावर सहा कुटुंबे वीस वर्षांपासून राहतात. दोघांची नावे 1-ई मध्ये आहेत, तिघांकडे घरपट्टीच्या पावत्या आहेत आणि एक कुटुंब ऊसतोडीला जात असल्याने पाहणीच्या दिवशी घरी नव्हते. सहाही कुटुंबांची गरज सारखीच आहे. पण वहीच्या नजरेत शेवटचे कुटुंब तेथे राहतच नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांचे हक्क बहुतेक वेळा असेच सुटतात.

त्यात जातीच्या दाखल्याची भर पडते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. ज्यांचे आजोबा गावोगाव फिरत होते, त्यांच्याकडे निजामकाळातील शाळेचा किंवा जमिनीचा कागद कोठून येणार? दाखला नाही, म्हणून शबरी आदिवासी घरकुल योजनेचा अर्ज पुढे सरकत नाही.

ग्रामसभेत काय ठरते

गायरान देणे ग्रामसभेच्या हातात नसले, तरी तिच्या हातात बरेच काही आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी तेथे वाचली जाते आणि मंजूर होते. वस्तीला पाणी, रस्ता आणि दिवे कोठून न्यायचे हे तेथे ठरते. जागेसाठीची शिफारसही तेथूनच निघते.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्तीसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. गणपूर्ती न झाल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. वस्तीच्या विरोधातला ठराव अशा दुसऱ्या सभेत मोजक्या माणसांसमोरही होऊ शकतो. म्हणून सभा तहकूब झाली की घरी बसायचे नसते, पुढची तारीख विचारून घ्यायची असते.

ग्रामसभेत बोलण्याचा हक्क गावाच्या मतदार यादीत नाव असणाऱ्याला आहे. त्यामुळे खरे पहिले पाऊल मतदार नोंदणीचे आहे. पक्के घर नाही म्हणून नाव नाकारता येत नाही. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे बेघर व्यक्तीकडून पत्त्याचा कागद मागायचा नसतो. मतदान केंद्र स्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या ठिकाणी जाऊन ती व्यक्ती खरोखर तेथे झोपते का, हे पाहायचे असते.

निवडून आले तरी

ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे शासकीय जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. महाराष्ट्रातील एका ग्रामपंचायत सदस्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले की अतिक्रमण मुळात कुटुंबातील दुसऱ्याने केले असले, तरी त्या जागेत राहणारा सदस्यही अपात्र होतो. गावातील दांडगाई रोखण्यासाठी हा नियम योग्यच आहे. पण गायरानावर जन्मलेली पारधी स्त्री राखीव जागेवर निवडून आली, तर तिच्या झोपडीमुळेच तिचे पद जाऊ शकते. जागेचा प्रश्न सुटेपर्यंत राखीव जागेचाही पूर्ण लाभ होत नाही, तो असा.

शहराच्या हद्दीत

कळंब शहरात निर्णय नगर परिषदेकडे असतात आणि भाषा बदलते. तेथे विकास आराखडा असतो. कोणती जागा रहिवासाची, कोणती बागेची, रस्त्याची किंवा शाळेची, हे नकाशावर ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत हरकती घेता येतात. मुदत संपल्यावर वस्तीवर पडलेले रस्त्याचे आरक्षण हटवणे फार कठीण होते. अलीकडे काही वर्षे राज्यातील बहुतेक नगर परिषदांत निवडून आलेले सभागृह नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात विचारायला नगरसेवकही नव्हता. म्हणून सूचना फलकावर आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसांवर लक्ष ठेवणे महत्त्वाचे ठरते.

आपण काय करू शकतो

चर्चच्या किंवा ट्रस्टच्या मिळकतीचे कागद सांभाळणाऱ्या मंडळीच्या पंचांना हे सारे ओळखीचे वाटेल. धर्मादाय आयुक्तांची परवानगी, उतारे, नकाशे, जुन्या पावत्या यांची सवय आपल्याकडे आहे. तीच सवय वस्तीच्या कामी येऊ शकते.

पहिले काम मतदार नोंदणीचे. दुसरे, प्रत्येक कुटुंबाची एक फाइल: घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले, 1-ई चा उतारा. तिसरे, ग्रामसभेत मागणी लेखी देणे आणि तिची पोच घेणे, म्हणजे ठराव झाला नाही तरी मागणी झाल्याचा पुरावा राहतो. चौथे, गायरान मिळण्यासारखे नसेल तेथे दुसरी वाट पाहणे. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पात्र भूमिहीनांना 500 चौरस फुटांपर्यंतची जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्य मिळते. सुरुवातीला त्याची मर्यादा 50,000 रुपये होती, नंतर ती वाढली. जागेची किंमत त्याहून जास्त असते तेथे देणगीदारांचा पैसा खरोखर उपयोगी पडतो. आणि वस्ती बेकायदा उठवली गेल्यास, अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला जमिनीवरून बेकायदा हुसकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे कुटुंबांना माहीत असावे.

गणना या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सगळी मंडळी यांच्यापुढे उभ्या राहून वडिलांच्या वतनातील वाटा मागतात. त्यांची मागणी ऐकली जाते आणि पुढच्या सर्वांसाठी नियमच बदलतो. त्या दयेची याचना करत नाहीत; सभेपुढे येऊन हक्क सांगतात. कळंबच्या वस्तीवरील भगिनींना 1 मेच्या ग्रामसभेत तसेच उभे राहता यावे, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात मतदार ओळखपत्र व अर्जाची पोच असावी, यासाठी आपली प्रार्थना, आपला वेळ आणि आपली देणगी लागली पाहिजे.