एक वस्तू, दोन पाट्या

शिकागोच्या पिल्सन भागात 'नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट' हे संग्रहालय आहे. कार्लोस टोर्टोलेरो आणि त्यांच्या शिक्षक सहकाऱ्यांनी १९८२ साली ही संस्था स्थापन केली आणि १९८७ साली तिची दारे लोकांसाठी उघडली. प्रवेश विनामूल्य आहे. मी तिथे गेले ती चित्रे पाहायला, पण तासाभराने लक्षात आले, की मी चित्रांपेक्षा पाट्याच जास्त वाचते आहे. पाट्यांवर मजकूर इंग्रजीतही होता आणि स्पॅनिशमध्येही. शेजारी एक आजी नातवाला पाटी वाचून दाखवत होत्या, स्पॅनिशमधून. नातू इंग्रजीत प्रश्न विचारी, आजी स्पॅनिशमध्ये उत्तर देत आणि पाटीवर नसलेले चार शब्द पदरचे घालत.

त्याच प्रवासात आणखी एका शहरात, दुसऱ्या एका मोठ्या संग्रहालयात गेले. तिथे सगळ्या पाट्या इंग्रजीत होत्या. स्पॅनिश हवे असेल तर खिडकीवर मागून एक प्लॅस्टिकबंद कागद मिळे. तिथेही एक कुटुंब होते, पण तिथे वाचणारी होती दहा-अकरा वर्षांची मुलगी. आई विचारी, मुलगी पाटी वाची आणि आठ ओळींचे चार शब्द करून सांगे. थोड्या वेळाने आईने विचारणेच सोडले आणि ती बाकावर जाऊन बसली.

या दोन दृश्यांमधला फरक भाषांतराचा आहे, हे उघड आहे. पण तो केवळ शब्दांचा नाही. कुटुंबात जाणते कोण, हे ती पाटी ठरवत होती.

अमेरिकेत हा प्रश्न लहान नाही. २०२० च्या जनगणनेत तिथले सुमारे ६ कोटी २१ लाख लोक, म्हणजे १८.७ टक्के, स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवत होते. त्या सगळ्यांनाच स्पॅनिश येते असे नाही, आणि ज्यांना येते त्यांतल्या पुष्कळांना इंग्रजीही उत्तम येते. म्हणूनच अनेक संग्रहालयांचा युक्तिवाद असे, की इंग्रजी तर सगळ्यांना कळतेच, मग दुहेरी खर्च कशाला? या युक्तिवादाला उत्तर मिळाले ते 'बायलिंग्वल एक्झिबिट्स रिसर्च इनिशिएटिव्ह' या अभ्यासातून. त्याचा अहवाल २०१३ साली आला. अभ्यासकांनी स्पॅनिश बोलणारी कुटुंबे द्वैभाषिक प्रदर्शनांत कशी वावरतात ते पाहिले. ही माणसे एका भाषेतून दुसरीत सहज ये-जा करत होती. स्पॅनिश मजकूर हाताशी असला की मोठी माणसे मुलांना समजावून सांगत, चर्चा पुढे नेत. आणि आपल्याला इथे बोलावले आहे, आपली किंमत आहे, ही भावना त्यांच्या मनात येई. संग्रहालयाकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच त्यामुळे बदले. शिकागोतल्या त्या आजी आणि बाकावर बसलेली ती आई मला या अहवालात पुन्हा भेटल्या.

मग असे काम प्रत्यक्षात करायचे कसे? पहिला प्रश्न वेळेचा. बहुतेक ठिकाणी इंग्रजी मजकूर सहा-सहा महिने घासूनपुसून तयार होतो आणि उद्घाटनाला दोन आठवडे उरले की भाषांतरकाराकडे जातो. तोवर पाटीचा आकार ठरलेला असतो. स्पॅनिश मजकूर मात्र इंग्रजीपेक्षा साधारण १५ ते २५ टक्के लांब होतो. मग काय करतात? अक्षर बारीक करतात, नाहीतर वाक्ये कापतात. म्हणजे ज्या वाचकासाठी हे सगळे करायचे, त्यालाच कमी मिळते. यावर उपाय साधा आहे: लांब भाषेची जागा आधी मोजायची आणि इंग्रजीला साठ शब्दांत बसवायचे. शिवाय भाषांतरकार सुरुवातीपासून सोबत असला, तर तो मूळ मजकुराला प्रश्न विचारतो. "इथे 'ते' म्हणजे कोण?" असे त्याने विचारले, की कळते, इंग्रजीतच ते स्पष्ट नव्हते. भाषांतरामुळे मूळही सुधारते.

दुसरा प्रश्न आहे वाचकाला हाक कशी मारायची. इंग्रजीत 'टच' म्हटले की काम झाले. स्पॅनिशमध्ये मात्र निवड करावी लागते. 'तोका' म्हणजे 'हात लाव', 'तोके' म्हणजे 'हात लावा'. पहिल्यामागे सर्वनाम आहे 'तू', दुसऱ्यामागे 'उस्तेद'. त्यांचे 'तू' आणि आपले 'तू' उच्चाराला आणि अर्थाला अगदी सारखे, कारण दोन्ही भाषा एकाच दूरच्या कुळातल्या. मुलांच्या दालनात 'तू' शोभते. पण तीच पाटी सत्तर वर्षांच्या आजीही वाचणार असतात, आणि परक्या माणसाने आजींना अरे-तुरे केलेले पुष्कळ घरांत चालत नाही. एका पाटीवर 'तू' आणि पुढच्या पाटीवर 'उस्तेद' असे झाले, तर वाचकाला नक्की कोण बोलते आहे तेच कळत नाही. म्हणून जाणती संग्रहालये आधी नियमावली आणि शब्दसूची तयार करतात आणि मग भाषांतराला हात घालतात. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरा प्रश्न: स्पॅनिश म्हणजे कुणाची स्पॅनिश? पतंगाला स्पेनमध्ये 'कोमेता' म्हणतात, मेक्सिकोत 'पापालोते', पोर्तो रिकोत 'चिरिंगा', चिलीत 'वोलांतीन'. घेवडा-राजम्याच्या दाण्यांना मेक्सिकोत 'फ्रिहोल', पोर्तो रिकोत 'आबिच्वेला', चिलीत 'पोरोतो'. सगळ्यांना चालेल असा एकच शब्द नसतो. अशा वेळी आसपासच्या वस्तीतले लोक कुठून आले आहेत ते पाहून शब्द निवडायचा, किंवा पहिल्यांदा दोन शब्द जोडीने द्यायचे. छापण्याआधी त्या वस्तीतल्या चार माणसांकडून पाटी मोठ्याने वाचून घ्यायची, ही तपासणी कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाची.

सापळे बारीकसारीकही आहेत. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे आपला एक अब्ज, पण स्पॅनिश 'बियोन' म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, आपले एक लाख कोटी. पृथ्वीचे साडेचार अब्ज वर्षांचे वय 'बियोन' लावून लिहिले, तर ते हजारपट होते. आणि 'आन्यो', म्हणजे वर्ष, या शब्दातल्या एका अक्षरावरची नागमोडी रेघ गळली, तर उरणारा शब्द शरीराच्या अशा भागाचा असतो, की तो पाटीवर कुणीच लिहिणार नाही. संगणकातल्या टंकात ते अक्षर नसले, की तो नेमका लिहिला जातो.

पण खरा पेच नावांचा आहे, आणि तो दोन्ही दिशांनी आहे. मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात, जे १९६४ साली आजच्या वास्तूत उघडले, एक प्रचंड कोरीव शिळा आहे. सुमारे ३.६ मीटर व्यासाची आणि २४ टनांहून जड. १७९० साली ती शहराच्या मुख्य चौकात सापडली. स्पॅनिशमध्ये तिला म्हणतात 'पिएद्रा देल सोल', म्हणजे सूर्यशिळा. इंग्रजी बोलणारे पर्यटक मात्र 'अ‍ॅझ्टेक कॅलेंडर' शोधत येतात. पण ती दिवस मोजायचे कॅलेंडर नव्हे, आणि ती घडवणारे लोक स्वतःला मेशिका म्हणत. इंग्रजीत वाचकाच्या ओळखीचे नाव द्यावे, तर चूक पक्की होते. बरोबर नाव द्यावे, तर वाचकाला वाटते आपण भलत्याच दगडापुढे उभे आहोत. अशा ठिकाणी भाषांतर पुरत नाही. एक जास्तीचे वाक्य लिहावे लागते, तेही एकाच भाषेत.

याच शहरात चुरुबुस्को भागात एका जुन्या मठात 'राष्ट्रीय हस्तक्षेप संग्रहालय' आहे, १९८१ साली उघडलेले. २० ऑगस्ट १८४७ रोजी अमेरिकी सैन्याशी तिथेच लढाई झाली. त्या युद्धाअखेर, १८४८ च्या तहाने, मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा प्रदेश गेला. इंग्रजी पुस्तके याला 'मेक्सिकन-अमेरिकन युद्ध' म्हणतात, मेक्सिकोत याचे नाव 'अमेरिकी हस्तक्षेप' असे आहे. त्या लढाईत मेक्सिकोच्या बाजूने लढलेली, मुख्यतः आयरिश सैनिकांची सान पात्रिसिओ पलटण एका भाषेत फितूर ठरते, दुसरीत शूर. आपण १८५७ ला काय म्हणायचे यावर किती शाई खर्च केली ते आठवले, की पाटीवरच्या भाषांतरकाराची अवस्था कळते. युद्धाचे नाव उलथायचे म्हणजे बाजू बदलायची.

काही नावे भाषांतर न करणे हेच शहाणपणाचे. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या नव्या लॅटिनो संग्रहालयाचे पहिले दालन जून २०२२ मध्ये उघडले. पहिल्या प्रदर्शनाचे नाव 'प्रेसेंते!' म्हणजे 'हजर!' शाळेत हजेरीला देतात तो होकार, आणि मोर्चांमध्ये मेलेल्या सोबत्याचे नाव पुकारल्यावर जमाव देतो तोही होकार. इंग्रजी शीर्षकातही हा शब्द तसाच ठेवला आहे. खुद्द संग्रहालयाच्या नावात मात्र इंग्रजी 'अमेरिकन' या शब्दाला स्पॅनिशमध्ये 'एस्तादोउनिदेन्से', म्हणजे संयुक्त संस्थानांचा, असा शब्द योजला आहे. कारण स्पॅनिश बोलणाऱ्याच्या लेखी पेरूचा माणूसही 'अमेरिकन'च असतो.

परत आल्यावर मी आपल्याकडच्या पाट्या नव्या डोळ्यांनी वाचू लागले. आपल्याकडे मराठी पाटी नसते असे नाही, बहुधा असते. पण ती इंग्रजीवरून, शेवटच्या दोन आठवड्यांत झालेली असते, हे तिच्या भाषेवरून कळते. एका संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या दोन दगडी तळ्यांखाली लिहिले होते: 'धान्य दळण्याचे पाषाण-उपकरण'. सहलीला आलेल्या बायकांचा घोळका तिथे थांबला. एकीने पाटी हळूहळू, अडखळत वाचली. सगळ्या गप्प. मग मागची एक म्हातारी पुढे झाली, काचेतून पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे जातंच की." त्यानंतर दहा मिनिटे ती बोलत होती: खुंटा कसा ठोकायचा, टाकी कधी लावायची, पहाटे किती पायल्या दळायच्या. बाकीच्या ऐकत होत्या, मीही ऐकत होते.

त्या पाटीवर 'जाते' हा एक शब्द असता, तर त्या बायकांना अडखळावे लागले नसते. तो शब्द इंग्रजी मजकुरातून येणे शक्य नव्हते. मराठी पाटी आधी लिहिली असती, तरच तो आला असता.