पन्नास वर्षांचं भांडण

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधला एक फ्लॅट. भरदुपारीसुद्धा खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले, आणि आत सत्तरी ओलांडलेले दोन गृहस्थ एकमेकांची उणीदुणी काढत बसलेले. वय, केस, कपडे, अभिनय, एकमेकांची आई, काही म्हणजे काही सुटत नाही. शालजोडीतले वगैरे नाहीत, सगळे उघड्यावरचे. कुणी चुकून पडदा सरकवलाच, तर उन्हाची तिरीप पाहून दोघं असे किंचाळतात, की ड्रॅक्युलानं शिकवणी लावावी.

ही 'व्हिशस'. आयटीव्हीवर 29 एप्रिल 2013 ला सुरू झालेली आणि 2016 च्या डिसेंबरात संपलेली सिटकॉम. भाग जेमतेम चौदा. या जोडप्यातले फ्रेडी झालेत इयन मॅकेलन, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले गँडाल्फ. स्टुअर्ट झालेत डेरेक जॅकोबी, ज्यांचा 'आय, क्लॉडियस'मधला तोतरा सम्राट ब्रिटिश टीव्ही अजून विसरलेला नाही.

आधी नुसतं हसू येतं. मग एक साधी वजाबाकी सुचते आणि माणूस चकित होतो. कथेत हे जोडपं जवळजवळ पन्नास वर्षं एकत्र राहतंय. म्हणजे गाठ पडली ती 1967 च्या आधी. इंग्लंड आणि वेल्समध्ये तोवर दोन पुरुषांमधले शरीरसंबंध हा गुन्हा होता. 1967 च्या कायद्यानं सूट दिली तीही एकवीस वर्षांवरच्यांना आणि चार भिंतींआड. फ्रेडी-स्टुअर्टच्या संसाराची पहिली वर्षं थेट तुरुंगात नेऊ शकली असती! मालिका यावर प्रवचन झोडत नाही. ती फक्त दाखवते, की स्टुअर्टच्या म्हाताऱ्या आईला अजूनही फ्रेडी हा त्याचा नुसता रूममेट वाटतो, भाडं वाटून घेणारा. सत्तरीतला मुलगा आईपासून लपवाछपवी करतोय, या विनोदाला प्रेक्षक खो-खो हसतात. पण त्या लपवाछपवीची सवय त्याला कायद्यानंच लावलेली असते.

नटांची स्वतःची गोष्ट तर याहून अद्भुत. दोघं केंब्रिजला एकाच काळात शिकले, तिथल्याच नाटकांतून घडले. त्या दिवसांत आपला जॅकोबींवर जीव जडला होता आणि तो आपण कधीच बोलून दाखवला नाही, हे मॅकेलननी पुढे मोकळेपणानं सांगितलंय. त्यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं ते 1988 मध्ये, बीबीसी रेडिओवर, समलैंगिकतेच्या 'प्रसारा'वर बंदी घालणाऱ्या कलम 28 ला विरोध करताना. न बोललेल्या त्या गोष्टीनंतर अर्ध्या शतकानं दोघं एकाच सोफ्यावर जोडपं म्हणून भांडायला बसले.

आणि मुहूर्त तरी कसा! पहिला सीझन चालू असतानाच संसदेत समलिंगी विवाहाचं विधेयक गाजत होतं. 21 मे 2013 ला ते कॉमन्समध्ये मंजूर झालं, 17 जुलैला कायदा झाला. 2015 मध्ये दुसऱ्या सीझनच्या शेवटी फ्रेडी-स्टुअर्टचं लग्न लागलं. मालिका दोन-तीन वर्षं आधी आली असती, तर लेखकाला हा शेवट करताच आला नसता.

ब्रिटिश समीक्षकांपैकी अनेकांनी नाकं मुरडली: सत्तरच्या दशकातली शिळी कढी, भडक, बटबटीत. ते अगदीच चूक नाही. तीन भिंतींची खोली, समोर खरा प्रेक्षक, दार उघडलं की टाळी. पण या नटांना तो रंगमंचच आहे. मॅकेलन वाक्य टाकतात, हशा उसळतो, आणि तो पुरता विरायच्या आत, उतरणीला लागताच, जॅकोबी पुढचं वाक्य टाकतात. जरा लवकर, तर शब्द बुडाला. जरा उशीर, तर प्रसंग थंडावला. ही नाटकातली तालीम, कॅमेऱ्यासमोर.

कायद्याची ती गोष्ट आपल्याकडेही आहेच. मे 2016 मध्ये मॅकेलन मुंबईत आले आणि 'कशिश' या क्विअर चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी 1860 मध्ये आणलेलं कलम 377 तेव्हा आपल्याकडे लागू होतं. परस्परसंमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयानं त्यातून सोडवलं ते 6 सप्टेंबर 2018 ला. लग्नाची दारं मात्र ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतरही बंदच राहिली.

आता मालिका बघायचीच असेल, तर पहिला भाग जरा कर्कश वाटेल, पण तेवढ्यावर सोडू नका. तिसऱ्या भागापर्यंत जा. आणि बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा. मॅकेलन अपमान करत असताना जॅकोबींचा चेहरा जे करतो, त्यासाठीच ही मालिका बघायची.