‘तेजी-मंदी’ आणि भावातील गर्भित अस्थिरता

‘तेजी’ म्हणजे भाववाढ व ‘मंदी’ म्हणजे भावघट, हा या शब्दांचा रूढ अर्थ सर्वपरिचित आहे. मात्र सट्टाबाजाराच्या परिभाषेत त्यांना आणखी एक अर्थ आहे. 1956 च्या रोखे करार (नियमन) कायद्याने विकल्प-कराराची व्याख्या करताना हे देशी शब्द इंग्रजी मजकुरातच स्वीकारले. ठरलेल्या भावाने खरेदी करण्याचा हक्क ती ‘तेजी’, विक्री करण्याचा हक्क ती ‘मंदी’ आणि दोन्ही हक्क एकत्र ती ‘तेजी-मंदी’. याच कायद्याने असे करार निषिद्ध ठरविले होते. तो निर्बंध 1995 मध्ये उठला आणि 2001 पासून राष्ट्रीय शेअरबाजारात विकल्पांचे व्यवहार सुरू झाले.

‘तेजी-मंदी’ घेणारा व्यापारी भावाच्या दिशेविषयी काहीच म्हणत नाही. भाव बराच हलेल, एवढेच त्याचे म्हणणे असते. समजा, एका शेअरचा भाव 1000 रुपये आहे आणि त्याच भावाची एक महिन्याची तेजी-मंदी 40 रुपयांना मिळते. मुदतीअखेर भाव 1040 च्या वर किंवा 960 च्या खाली गेला, तरच घेणाऱ्यास लाभ होईल. हेच अधिमूल्य 80 रुपये झाले, तर शेअरचा भाव तोच असूनही अपेक्षित चढउतार दुप्पट झाला, असा अर्थ होतो. अधिमूल्यातून निघणाऱ्या या अनुमानास गर्भित अस्थिरता म्हणतात. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक-शोल्स सूत्रात शेअरचा भाव, ठरलेला भाव, मुदत व व्याजदर ही चार पदे ज्ञात असतात. अस्थिरता तेवढी अज्ञात राहते. अधिमूल्य बाजारातून घेऊन सूत्र उलट सोडविले, की ती हाती येते. वरील उदाहरणात ती वर्षाला सुमारे 17 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर जाते. अमेरिकेतील ‘व्हिक्स’ (1993) आणि राष्ट्रीय शेअरबाजाराचा ‘इंडिया व्हिक्स’ (2008) हे निर्देशांक याच कल्पनेवर आधारलेले आहेत.

ही राशी व्याख्येने दिशाहीन असली, तरी शेअरबाजार कोसळताना ती सामान्यतः वाढते व बाजार सावरताना उतरते. याची तीन कारणे दिली जातात. पहिले, शेअरचा भाव घसरला की कंपनीच्या एकूण भांडवलात कर्जाचे प्रमाण वाढते आणि धंद्यातील तेवढ्याच चढउताराने शेअर अधिक हलतो. फिशर ब्लॅक यांनी 1976 मध्ये याकडे लक्ष वेधले. दुसरे, अनिश्चितता वाढली की गुंतवणूकदार अधिक परताव्याची अपेक्षा धरतात व त्यामुळे भाव उतरतो. येथे कार्यकारणाची दिशा उलट आहे. तिसरे, घसरणीच्या काळात संरक्षणासाठी विक्री-हक्कांची मागणी वाढून त्यांचे अधिमूल्य चढते.

तथापि हा संबंध म्हणजे अटळ नियम नव्हे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत भाव व गर्भित अस्थिरता दोन्ही चढ्या होत्या. शिवाय अस्थिरतेचा उच्चांक म्हणजे भावाचा तळ, हा समजही टिकत नाही. 20 नोव्हेंबर 2008 रोजी व्हिक्स 80.86 वर बंद झाला. एसअँडपी 500 निर्देशांकाने मात्र 9 मार्च 2009 रोजी तळ गाठला आणि त्या दिवशी व्हिक्स 50 च्या आसपास होता. मधल्या काळात तो निर्देशांक 752 वरून 677 पर्यंत उतरला होता. केवळ व्हिक्सच्या उच्चांकावर विसंबून नोव्हेंबरात खरेदी करणाऱ्यास हे सुमारे 10 टक्के नुकसान प्रथम सोसावे लागले असते.

सारांश, गर्भित अस्थिरता हे भविष्यकथन नसून अनिश्चिततेचे आजचे मोल आहे. भाव किती हलण्याची बाजारास अपेक्षा आहे, हे ती सांगते. तो कोणीकडे जाईल, हे सांगत नाही. ‘तेजी’ आणि ‘मंदी’ हे परस्परविरोधी शब्द एकाच करारात जोडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या परिभाषेत हा भेद मुळातच सामावलेला होता.